मुंबईत प्लेगची लस बनवणारे हाफकिन, आणि एका बाटलीनं उद्ध्वस्त केलेली त्यांची कारकीर्द

परळला केईएम किंवा टाटा हॉस्पिटलला कधी जाणं झालं असेल, तर आचार्य दोंदे मार्गावरचं 'हाफकिन'चं आवार तुम्ही पाहिलं असेल. साप चावल्यावर दिलं जाणारं इंजेक्शन, पोलिओचे डोस यांच्या बातम्यांमध्ये हे नाव आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. इतकं की ते एखाद्या कंपनीचं नाव वाटतं.

पण हाफकिन हा माणूस होता. डॉक्टर नव्हता, प्राणीशास्त्राचा पदवीधर होता. आवडीनं व्हायोलिन वाजवायचा. त्यानं कॉलरा आणि प्लेग या दोन भयंकर आजारांवर लस तयार केली आणि दोन्ही वेळा पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली.

लस बनवणारे शास्त्रज्ञ त्या काळात आणखीही होते. हाफकिन यांचं वेगळेपण असं की लस टोचल्यावर ते मोजत बसायचे. टोचून घेतलेल्यांपैकी किती आजारी पडले? न टोचलेल्यांपैकी किती? दोघांचं पाणी एकच होतं का, घर एकच होतं का? आज कोणत्याही औषधाच्या चाचणीत हे प्रश्न आधी विचारले जातात. सव्वाशे वर्षांपूर्वी तुरुंगात, झोपडपट्टीत, खेड्यात उभं राहून ते विचारणं सोपं नव्हतं. आणि एक दिवस जेव्हा खुद्द हाफकिन यांच्यावर आरोप झाले, तेव्हा त्यांच्या बाबतीत मात्र हे प्रश्न नीट विचारलेच गेले नाहीत.

ओडेसातला बंडखोर विद्यार्थी

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा इथला. काळ्या समुद्राकाठचं हे बंदर आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू व्यापाऱ्याचं. त्यांचं मूळ रशियन नाव व्लादिमीर. वाल्डेमार हे नंतर पश्चिम युरोपात रूढ झालं.

ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे शिक्षक लाभले. शरीरातल्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे दाखवणारे आणि पुढे नोबेल मिळवणारे मेचनिकोव्ह ते हेच. हाफकिन त्यांचे लाडके विद्यार्थी होते, पण त्यांचं लक्ष फक्त सूक्ष्मदर्शकात नव्हतं. झारच्या राजवटीविरोधातल्या विद्यार्थी चळवळीत ते होते. १८८१ मध्ये झारची हत्या झाली आणि ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. तेव्हा स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या गटात हाफकिन सामील झाले, जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकोव्ह यांनी शब्द टाकला म्हणून ते सुटले.

शिक्षण संपल्यावर प्राध्यापक व्हायची वाट मोकळी होती, पण त्यासाठी धर्म बदलावा लागणार होता. हाफकिन यांनी नकार दिला. मग काही वर्षं ओडेसाच्या प्राणीशास्त्र वस्तुसंग्रहालयात नोकरी, तिथून १८८८ मध्ये जिनिव्हा आणि १८८९ मध्ये पॅरिस.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकोव्ह आधीच पोचले होते. आपल्या विद्यार्थ्यासाठी त्यांनी जागा शोधली, पण रिकामी होती फक्त ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं.

३९ गिनीपिग आणि एक ग्रंथपाल

त्या वर्षांत कॉलऱ्याची साथ आशियातून युरोपकडे सरकत होती. कॉलऱ्याचा जंतू माहीत झाला होता, पण खात्रीची लस नव्हती. स्पेनमध्ये एक प्रयत्न झाला होता, तो वादात अडकला.

हाफकिन यांनी कॉलऱ्याचा जंतू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या, दुसऱ्यातून तिसऱ्याच्या, असा ३९ वेळा फिरवला. प्रत्येक फेरीत जंतू जास्त जहाल होत गेला. दुसऱ्या बाजूला त्यांनी उष्णता आणि हवेच्या झोताचा वापर करून दुबळा केलेला जंतू तयार ठेवला. आधी दुबळा टोचायचा, शरीराला ओळख करून द्यायची आणि काही दिवसांनी जहाल टोचायचा, अशी ही दोन डोसांची पद्धत.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिला डोस स्वतःला टोचला. ताप आला आणि उतरला. काही दिवसांनी दुसरा डोसही घेतला. मग काही रशियन मित्र पुढे आले आणि तेही सुखरूप राहिले. पॅरिसमधल्या वरिष्ठांना फारसा उत्साह नव्हता. त्यात चूक म्हणावी असं काही नाही. चार-पाच तरुण टोचून घेऊन जिवंत राहिले, तर त्यातून लस सुरक्षित असावी एवढंच कळतं. ती वाचवते का, हे कळायला खरी साथ लागते.

खऱ्या साथीसाठी हाफकिन यांना रशियात जायचं होतं. पण रशियाला ते नको होते. तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते लॉर्ड डफरिन, भारताचे माजी व्हाइसरॉय. त्यांनी भारताचा रस्ता दाखवला. १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

एकाच वस्तीतले दोन गट

सरकारी वैद्यकीय सेवेत तेव्हा ब्रिटिश लष्करी डॉक्टरांचा दबदबा होता. त्यांच्यात हा रशियन ज्यू, तोही वैद्यकाची पदवी नसलेला. लोकांच्या बाजूनं पाहिलं तर एक परका माणूस येतो, सुई टोचतो, ताप येतो. संशय दोन्हीकडून होता.

पहिल्या वर्षी ते आग्र्यापासून उत्तरेत फिरले आणि हजारो लोकांना लस दिली. बरेचसे सैनिक होते. पण आकडा कितीही मोठा असला, तरी त्यातून लस काम करते का हे सिद्ध होत नव्हतं. लस दिली आणि त्या भागात साथच आली नाही, तर काय समजायचं?

उत्तर मिळालं १८९४ च्या मार्चमध्ये, कलकत्त्याच्या काँठाल बागान वस्तीत. तिथल्या तलावाच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू आढळले होते. शहराचे आरोग्य अधिकारी सिम्पसन यांनी हाफकिन यांना बोलावलं. सोबत चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त हे बंगाली डॉक्टर होते. सुरुवातीला दगड आले, असं सांगितलं जातं. मग पथकातल्याच एकानं सगळ्यांसमोर लस टोचून घेतली आणि लोक हळूहळू पुढे आले. सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत कॉलऱ्याचे १० रुग्ण आढळले, त्यातले ७ दगावले. दहाच्या दहा लस न घेतलेले होते.

आकडे लहान आहेत. पण वस्ती तीच, तलाव तोच, दिवस तेच. हाफकिन यांना तुलना हवी होती, ती मिळाली. तेव्हापासून त्यांनी हीच पद्धत धरून ठेवली. आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांच्या वसाहती असोत की तुरुंग, जिथे काही जण टोचलेले आणि काही न टोचलेले एकत्र राहतात अशा जागा ते शोधत राहिले.

मधल्या काळात मलेरियानं त्यांना गाठलं, १८९५ मध्ये युरोपात परतावं लागलं. बरे होऊन ते पुन्हा आले, आणि त्याच वर्षी मुंबईत उंदीर मरायला लागले.

मांडवीतला ताप

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी एक रुग्ण तपासला आणि हा प्लेग आहे असं निदान केलं. मूळचे गोव्याचे असलेले हे डॉक्टर सुरुवातीला अनेकांना अतिशयोक्ती करणारे वाटले. काही आठवड्यांत कुणाला शंका राहिली नाही. पुढच्या काही महिन्यांत शहरातली जवळपास निम्मी माणसं मुंबई सोडून गेली.

हाफकिन ७ ऑक्टोबरला मुंबईत पोचले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या बळावर प्लेगची लस करायची होती.

ती कशी केली, हे वाचताना मला सगळ्यात जास्त मजा आली. जंतू वाढवायला मांसाचा अर्क लागतो आणि युरोपात त्यासाठी गोमांस वापरायचे. इथे ते चालणार नाही हे ओळखून हाफकिन यांनी बकऱ्याचं मांस घेतलं. त्या पातळ अर्कावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. खोबरेल तेलही चालायचं. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. बाटली हलवली की सुळके तुटून तळाशी जायचे आणि वर नवे फुटायचे. असं पाच-सहा आठवडे. मग बाटली साधारण ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवायची, म्हणजे जंतू मरतात. त्यात थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, म्हणजे बाहेरचं दुसरं काही वाढत नाही. हे कार्बोलिक ॲसिड लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला १० घनसेंटीमीटर लस टोचून घेतली. पुढे लोकांना दिल्या गेलेल्या डोसच्या ही तिपटीहून जास्त. खूप ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या, पण ते उठले.

भायखळ्याचा तुरुंग

त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. लस घ्यायला तयार असलेल्या कैद्यांना ३० जानेवारीला ती देण्यात आली. पुढच्या दिवसांचा हिशेब असा: लस न घेतलेल्या १७२ कैद्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. लस घेतलेल्या १४७ जणांपैकी २ आजारी पडले, एकही दगावला नाही.

कैदी स्वतःहून तयार झाले होते, अशी नोंद आहे. पण साथ शिरलेल्या कोठडीतल्या माणसाची 'तयारी' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आज वाचताना पडतोच. तेव्हा तो कुणी फारसा विचारला नाही.

लशीला मागणी आली. त्या वेळी १९ वर्षांचे असलेले तिसरे आगा खान यांनी स्वतः लस टोचून घेतली, आपल्या खोजा समाजाला घ्यायला लावली आणि लस बनवण्यासाठी माझगावची आपली वास्तू दिली. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवात हाफकिन यांना सीआयई हा किताब मिळाला.

त्याच वर्षी पुण्यात काय चाललं होतं, ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी आणलेल्या साथरोग कायद्यानं सरकारला अमर्याद अधिकार मिळाले होते. सैनिक घराघरांत घुसत होते, सामान बाहेर काढलं जात होतं, बायकांची तपासणी होत होती. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. प्लेग म्हणजे सरकारी जुलूम, हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं होत असताना हाफकिन यांना त्याच सरकारची लस घेऊन लोकांसमोर जायचं होतं. सक्ती नसल्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला तरच लस पोचणार होती.

उंडेऱ्याची २८ घरं

भायखळ्याच्या आकड्यांत एक खोच होती. जो स्वतःहून लस घेतो, तो मुळात जास्त धडधाकट किंवा जास्त काळजी घेणारा असू शकतो. मग तो लशीमुळे वाचला की स्वभावामुळे?

पोर्तुगीज दमणमध्ये १८९७ मध्ये मोठे आकडे मिळाले. लस घेतलेल्या २,१९७ पैकी ३६ मृत्यू, न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२. म्हणजे दीड टक्का विरुद्ध जवळपास २५ टक्के. वरवर पाहता एवढं पुरेसं आहे. पण इथे आणखी एक खोच आहे. लस टप्प्याटप्प्यानं दिली गेली होती. ज्यानं साथ अर्धी झाल्यावर लस घेतली, तो तोपर्यंत जगलेला होताच. आधी मेलेल्याला लस घ्यायची संधीच मिळाली नाही, आणि तो मोजला गेला 'न घेतलेल्यां'मध्ये. अशानं लस आहे त्याहून भारी दिसते. कोविडच्या काळात लशींच्या आकड्यांवरून जे वाद झाले, त्यातले काही याच जातीचे होते.

१८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंडेरा गावात हाफकिन यांनी वेगळं केलं. गावात प्लेग आधीच होता. लस कोण मागतो हे न पाहता त्यांनी २८ कुटुंबं घेतली आणि प्रत्येक घरातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस दिली. वयानं, तब्येतीनं दोन्ही बाजू शक्यतो सारख्या होतील अशा बेतानं. एकाच चुलीवर जेवणारी, एकाच छपराखाली झोपणारी माणसं.

मग थांबून मोजणी. लस दिलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. न दिलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले.

शंभरात चार विरुद्ध शंभरात चाळीस. लस काम करते याचा इतका स्वच्छ पुरावा त्या काळात दुसरा सापडणं कठीण. पण या २६ जणांचं काय? त्यांच्याच घरात, त्यांच्याच भावा-बहिणीला सुई टोचली गेली आणि त्यांना नाही. हाफकिन यांच्या बाजूनं म्हणायचं तर पुरावा नसता, तर सरकार आणि लोक दोघांनीही लस झटकली असती आणि त्याहून कितीतरी जास्त मेले असते. ते खरंही आहे. तरी आज हाच प्रयोग कुठलीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही, निदान अशा पद्धतीनं तरी नाही. या वाक्यापाशी मी स्वतः बराच वेळ अडकून होते. मला सोपं उत्तर सापडलं नाही.

पुढे १९१५ मध्ये लंडनमध्ये मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या लशींच्या आकड्यांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. ('मेजर' हे त्यांचं नावच होतं, हुद्दा नव्हे.) तुलना खरी ठरायची असेल तर दोन्ही गट सगळ्या बाबतींत सारखे हवेत आणि दोघांना आजाराचा धोकाही सारखाच हवा, असं त्यांनी मांडलं. उंडेऱ्याच्या घराघरांत हाफकिन यांनी १७ वर्षं आधी जे साधायचा प्रयत्न केला होता, ते हेच.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. जिथे गव्हर्नर राहायचे, तिथे आता बाटल्यांच्या रांगा लागल्या. एका खोली आणि व्हरांड्यापासून इथवर यायला तीन वर्षंही लागली नव्हती. हाफकिन तेव्हा ३९ वर्षांचे होते.

बाटली क्रमांक ५३-एन

१९०२ मध्ये प्लेग पंजाबात पसरला होता आणि तिथल्या सरकारनं लाखोंना लस द्यायचं ठरवलं. परळवर प्रचंड मागणी आली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धतीत बदल केला. त्यातला एक म्हणजे कार्बोलिक ॲसिड घालणं बंद केलं, जंतुनाशासाठी उष्णतेवर भर दिला. ही पद्धत पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आधीपासून चालू होती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातलं मलकवाल गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना लस देण्यात आली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. साधारण आठवडाभरानं त्यातल्या १९ जणांचे जबडे आवळायला लागले. धनुर्वात. एकामागून एक एकोणीसच्या एकोणीस जण गेले.

हे १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाटली क्रमांक ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांमधून ज्या ८८ जणांना लस मिळाली, त्यांना काहीही झालं नाही.

चौकशी आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स. आयोगाचा निष्कर्ष असा की बाटली मलकवालमध्ये उघडण्याआधीच दूषित होती. म्हणजे दोष परळचा. कार्बोलिक ॲसिड वगळणं हा मोठा ठपका ठरला. हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर केलं गेलं. १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

जागेवर काय घडलं होतं, ते चौकशीतच नोंदलं गेलं होतं. ती बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्यानं तो ज्वाळेत धरून निर्जंतुक केला नाही, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून घेतला आणि त्याच चिमट्यानं बाटलीचं बूच ओढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. त्यांची बीजं अशा धावत्या बुडवण्यानं मरत नाहीत.

शिवाय ती बाटली परळला ४१ दिवस आधी भरली गेली होती. धनुर्वाताचे जंतू आत ४१ दिवस वाढले असते, तर बाटली उघडताच भयंकर वास आला असता. उघडली तेव्हा वास नव्हता. तसंच, इतके दिवस साठलेलं विष थेट शरीरात गेलं असतं, तर लक्षणं लवकर दिसली असती, आठवडा लागला नसता. आठवडा लागला, याचा अर्थ जंतू ताजे आणि थोडे होते, ते शरीरात जाऊन वाढले.

म्हणजे वास होता की नव्हता, लक्षणं किती दिवसांनी आली, एकच बाटली का, बाकीच्या चार का नाहीत, ही सगळी माहिती समोर होती. ती शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची होती, एवढंच. हाफकिन आयुष्यभर तेच करत आले होते.

रॉस यांचं पत्र

पुढची तीन-चार वर्षं हाफकिन लंडन आणि पॅरिसमध्ये आपली बाजू मांडत राहिले. चौकशीची कागदपत्रं लोकांसमोर यायलाच चार वर्षं गेली.

ती आल्यावर मात्र चित्र पालटलं. मलेरिया डासांमुळे पसरतो हे सिकंदराबादेत दाखवून देणारे रोनाल्ड रॉस यांना १९०२ मध्येच नोबेल मिळालं होतं. ते हाफकिन यांच्या बाजूनं उभे राहिले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये एक पत्र छापून आलं. त्यावर रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. पुरावा पाहता दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवता येत नाही, असं त्यांनी मांडलं. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले. फ्रान्समध्ये ज्यू अधिकारी ड्रेफस यांना खोट्या आरोपात अडकवलं गेल्याचं प्रकरण तेव्हा ताजं होतं, आणि अनेकांना त्याची आठवण झाली.

रॉस यांना एक भीती आधीपासून होती. परळची लस धोकादायक आहे अशी समजूत पसरली, की लोक ती घ्यायचं थांबवतील आणि त्याची किंमत खेड्यापाड्यांतल्या माणसांना मोजावी लागेल. त्या काळात भारतात प्लेगनं दर आठवड्याला हजारोंनी माणसं मरत होती.

१९०७ च्या अखेरीस सरकारनं हाफकिन यांना पुन्हा कामावर घेतलं. पण परळची जागा आता दुसऱ्याकडे होती. त्यांना कलकत्त्याला एका प्रयोगशाळेचं प्रमुखपद मिळालं. संशोधन करा, पण लशीच्या चाचण्या घ्यायच्या नाहीत. कॉलऱ्याची नवी, मृत जंतूंची लस त्यांना माणसांवर तपासून बघायची होती. परवानगी मिळाली नाही. ज्या माणसाचं सगळं बळ लस देऊन मोजण्यात होतं, त्याच्या हातून सुई आणि वही दोन्ही काढून घेतल्यासारखं झालं. निवृत्तीचं किमान वय गाठताच, १९१४ च्या सुमारास, त्यांनी भारत कायमचा सोडला.

नंतरची वर्षं

उरलेलं आयुष्य त्यांनी फ्रान्समध्ये आणि अखेरीस स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये घालवलं. लग्न केलं नव्हतं. तरुणपणी धर्म बदलायला नकार देणारे हाफकिन उतारवयात पूर्ण श्रद्धाळू ज्यू झाले. १९१६ मध्ये त्यांनी धर्माच्या परंपरागत आचरणाच्या बाजूनं एक लेख लिहिला. आयुष्यभराची कमाई पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक शाळांसाठी ठेवली, अट एवढीच की तिथे विज्ञानही शिकवलं जावं.

परळच्या प्रयोगशाळेतून १८९७ ते १९२५ या काळात प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. ही लस घेतली की ताप यायचा, हात दुखायचा आणि संरक्षण पूर्ण मिळायचं नाही. पण दुसरं काहीच हातात नसताना ती होती.

१९२५ मध्ये त्या वेळचे संचालक मॅकी यांच्या पुढाकारानं या संस्थेला 'हाफकिन इन्स्टिट्यूट' असं नाव देण्यात आलं. हाफकिन यांनी परदेशातून उत्तर पाठवलं. आभार मानले, आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं मुंबईच्या या कामात गेली असं कळवलं आणि संस्थेला शुभेच्छा दिल्या. मलकवालचा उल्लेख त्यांनी केला नाही.

२६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानमध्ये त्यांचा मृत्यू झाला. वय ७०. त्यांना तिथल्याच ज्यू दफनभूमीत पुरलं आहे. दोन वर्षांनी परळच्या संस्थेला साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक मिळाले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्यानं हाफकिन यांच्यावर तिकीट काढलं.